आधी कोण म्हणून विचारावं

कीर्तनाला निघालेला माणूस शेजारच्या दारात हाक मारल्याशिवाय पुढं जात नाही. "येताय न्हवं?" एवढं विचारलं की मगच त्याचं पाऊल देवळाकडं वळतं. नाम एकट्यानं घेतलं तर अंगी लागत नाही, अशी आमच्याकडची समजूत. सांगलीच्या त्या धर्मादाय दवाखान्यात जो गोंधळ उडाला, तो ह्या एवढ्याशा चांगल्या सवयीपायी.

चंदना त्या दवाखान्याचं नेटवर्क सांभाळायची. रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांचा साठा, सगळं तारांमधून फिरायचं आणि बाहेरच्या जगाकडं जाताना एका यंत्रातून जायचं. ते यंत्र म्हणजे फायरवॉल, दवाखान्याची वेसच म्हणा. मागल्या वर्षी त्या वेशीतून कुणीतरी आत शिरलं होतं. एका सकाळी सगळे रिपोर्ट कुलूपबंद. नातेवाईक एक्स-रेच्या फिल्मा छातीशी धरून जिन्यात ताटकळले, आणि एका बाळंतिणीला रक्त द्यायचं तर तिचा गट पुन्हा तपासेपर्यंत थांबावं लागलं. बाळंतीण वाचली. पण जिन्यात उभ्या असलेल्या तिच्या आईचा चेहरा चंदनाच्या डोळ्यांपुढून हलला नाही.

म्हणून यंदा घुसखोरी रोखणारा एक मॉड्यूल फायरवॉलवर बसवला होता. त्याचं काम जागल्याचं. आलेला माणूस पाहुणा की चोर, हे तो चालीवरून ओळखणार. चंदनानं आधी त्याला नुसतं बघायला बसवलं होतं. अडवायचं कुणाला नाही, फक्त मला सांगायचं. मग त्याच्या तक्रारी वाचत ती कित्येक दिवस बसली. एक्स-रेची जड फाइल गेली की तो उगाच बोंब मारायचा, ते थांबवलं. लॅबचं जुनं मशीन बोबडं बोलायचं, त्याची ओळख करून दिली. असा एकेक नियम घासूनपुसून झाल्यावर त्या सोमवारी सकाळी तिनं मनात जैनांचा णमोकार मंत्र म्हटला आणि मॉड्यूलला 'बघ'वरून 'अडव'वर आणलं.

दुपारपर्यंत सगळं शांत होतं. तिनं जेवणाचा डबा उघडला आणि पडद्यावर लाल ओळ उमटली.

तळमजल्यावर पुरुषांचा हाडांचा वॉर्ड आहे. तिथला एक मोबाइल बाहेरच्या कुठल्याशा पत्त्याशी बोलायला बघत होता. त्या पत्त्याला नाव नव्हतं, नुसते आकडे. मॉड्यूलनं अडवलं तर तो परत आला, परत अडवलं तर परत आला. एका दारानं जमेना म्हणून दुसऱ्या दाराला धडकला, मग तिसऱ्या, आणि ओळीनं सगळी दारं चाचपडत सुटला. मॉड्यूलनं त्या मोबाइललाच वाळीत टाकलं. तेवढ्यात त्याच वॉर्डातला दुसरा मोबाइल तेच करू लागला. मग आणखी एक. मग दोन-तीन एकदम.

चंदनाचा घास हातातच राहिला. मागल्या वर्षीची कीडही अशीच ह्या यंत्रावरून त्या यंत्रावर पसरली होती. तिनं त्या वॉर्डाचं वाय-फाय पुरतं बंद केलं, व्यवस्थापक धन्यकुमारसाहेबांना फोनवर दोन वाक्यांत सांगितलं आणि जिना उतरून धावतच खाली गेली.

वॉर्डात एक म्हातारी हातात मोबाइल घेऊन खाटेखाटेशी फिरत होती.

"घे बाळा, ह्यो आकडा दाब. दिसतंय का? न्हाई? मगाशी तर म्हणाला गोल फिरतंय."

"आजी!" चंदनाला धाप लागली होती. "हे तुम्ही सगळ्यांना वाटताय?"

"व्हय. का गं?"

"काय आहे हे?"

"नाम हाय," म्हातारी म्हणाली. "सप्त्यातलं. तुज्या तोंडावरनं वाटतंय म्या इख वाटलंय."

हातात प्लास्टर असलेला एक तरुण खुदकन हसला. "मॅडम, आमचा फोन आता उघडतच नाही काही. आजीच्या नामानं मोक्ष मिळाला त्याला."

म्हातारीचं नाव मनूबाई. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो तिचा नवरा लालासाहेब शेवटच्या खाटेवर होता. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला, औंधजवळच्या एका गावचा ऊस पिकवणारा. पिकाला पाणी पाजताना पाटात घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. आता पायाला वजन टांगून त्याला उताणा निजवला होता. उद्या सकाळी ऑपरेशन होतं.

"पोरी, चूक माजी हाय," तो पडल्या पडल्या म्हणाला. "मीच हिला म्हणालो, एकट्यानं काय ऐकायचं, समद्यांना सांग. बस हितं. सांगतो."

आणि त्यानं सांगितलं. गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू होता. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. ह्याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात, रात्रंदिवस. ज्याच्या गळ्यात वीणा त्याचा पहारा, आणि घराघराचे पहारे ठरलेले. आज दुपारचा पहारा लालासाहेबांच्या घराचा. तो स्वतः असा जखडलेला, मुलगा लडाखला. उरली सून, संयोगिता. त्या घरातली बाई वीणा घेऊन उभी राहणार ही पहिलीच खेप. गावानं नको म्हटलं नव्हतं, पण बघायला सारं गाव येणार होतं.

"लय भित्री हाय ती," मनूबाई म्हणाली. "घरात भांडायला वाघीण, चारचौघांत मुकी. तिनं एकच अट घातली. आबा मला समोर दिसलं पायजेत. त्यांनी नाम म्हणायचं आन् म्या त्यांच्या मागनं म्हणायचं. मग उभी ऱ्हाते."

लालासाहेबांचा चुलतभाऊ शंभूराज फौजेत सिग्नलला, म्हणजे संदेश पोचवायच्या तुकडीत होता. त्यानं देवळात एक पेटी आणि टीव्ही बसवून इकडचं तिकडं आणि तिकडचं इकडं दिसायची सोय केली होती. गेल्या वर्षी नेहमीच्या व्हिडिओवर लावलं, तर ऐन हरिनामात बनियनची जाहिरात आली. तेव्हापासून गावानं ठरवलं, दुसऱ्याच्या दारात जायचंच नाही. आपलं आपण करायचं.

"मग मोबाइलच्या नेटवर बघा ना, आजोबा."

"हितं रेंज कुटं हाय? भिताडं बघ की, किल्ल्यागत. बाहीर वऱ्हांड्यात येती रेंज. आन् मला तर ह्या वजनानं बांदून घातलंय."

चंदना खाटेच्या कडेला टेकली. तिनं मागल्या वर्षीचं सांगितलं, जिन्यातल्या त्या आईचंही सांगितलं. आपला मॉड्यूल चालीवरून चोर ओळखतो आणि तुमच्या पेटीची चाल चोराची आहे, हेही सांगितलं. सांगताना तिलाच वाईट वाटत होतं. "आजोबा, मी ते सोडू शकत नाही."

लालासाहेबानं तिला आणखी जवळ सरकायला खुणावलं.

"जय-विजयाची गोष्ट ऐकलीयास न्हवं?"

"थोडीशी. वैकुंठाचे द्वारपाल."

"त्यांनी सनकादिकांना दारात अडवलं आन् शाप घेतला. आमच्याकडं एक म्हातारं बुवा कीर्तनाला यायचं. ते म्हणायचं, अडवलं त्यात त्यांचं काय चुकलं न्हाई. द्वारपालानं अडवायचंच आसतं. चुकलं ते येगळंच. 'आपण कोण' म्हणून त्यांनी इचारलं न्हाई. चार उघडी पोरं दिसली आन् काठी आडवी घातली."

"आवं, लेकराला शाप देताय का काय?" मनूबाई म्हणाली.

"खुळी का काय तू? मी तिची बाजू घेतोय." मग चंदनाकडं वळून, "मी बी सीमेवर दारात हुबा ऱ्हायलोय, बाळ. परवलीचा शब्द न्हाई आला तर कर्नल आसला तरी बाहीर. तू नगं सोडू. माझ्या पहाऱ्यापायी दुसऱ्याचं लेकरू जिन्यात नगं हुबं ऱ्हायाला."

त्यानं मनूबाईला वऱ्हांड्यात पाठवलं, सुनेला कळवायला. ती परत आली तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, मग वीणा शेजारच्या घराला द्या. मला एकटीला न्हाई जमायचं."

लालासाहेबानं मान भिंतीकडं वळवली. तेवढ्यात रक्तदाब मोजायला नर्स आली, पट्टा फुगवला, आकडा बघितला, परत फुगवला. "आजोबा, सकाळी तर चांगला होता. असाच राहिला तर डॉक्टर उद्याचं ऑपरेशन पुढं ढकलतील हो."

चंदना उठली. वॉर्डाच्या दारापर्यंत गेली आणि परत फिरली.

"आजी, त्या शंभूराजकाकांचा नंबर द्या."

वर येऊन तिनं फोन लावला. पलीकडून आधी टाळ-मृदंगच कानावर आदळला.

"हॅलो, मी सांगलीच्या दवाखान्यातून बोलतेय..."

"काय झालं आबांना?" आवाज एकदम खाली आला.

"आजोबा ठीक आहेत. तुमचा प्रोग्राम आजारी आहे."

"प्रोग्राम? त्यो ठणठणीत हाय, मॅडम."

"तुटला तर काय करतो तो?"

"तुटतोय कशाला? जागच्या जागी उटतो. एक दार बंद दिसलं तर दुसरं, दुसरं न्हाई तर तिसरं. दम घेत न्हाई. मीच शिकवलंय त्येला. अखंड सप्ताह हाय, खंड पडून कसं चालंल?"

चंदनानं डोळे मिटले. कीड कुठली न् काय कुठलं! दारं चाचपडत सुटलेला तो राक्षस म्हणजे एका भाविक सिग्नलवाल्याचं 'अखंड' होतं.

"काका, रात्री तुमच्या वस्तीवर कुणी आलं, नाव सांगेना, थांबेना, दिसेल ती खिडकी ढकलायला लागलं, तर तुम्ही काय कराल?"

"काठी घालीन."

"आमच्या मॉड्यूलनं तेच केलं."

"म्हंजे आमी चोर?" शंभूराज चिडला.

"तुम्ही नाही हो. पण चाल चोराची. आणि तुमच्या त्या पेटीचा पासवर्ड काय ठेवलाय? नका सांगू. कंपनीनं दिलेलाच आहे का, एवढंच सांगा."

"...हाय तसाच हाय."

"तो साऱ्या जगाला ठाऊक असतो, काका. उद्या खरा चोर तुमच्या देवळातून माझ्या दवाखान्यात येईल, आणि मला वाटेल नामच आलंय."

मग शंभूराज हळू म्हणाला, "पासवर्ड बदलतो. दारं बी एक सोडून समदी लावतो. पण थांबायला शिकवायचं म्हंजे खंड न्हाई का पडत?"

चंदनानं मगाशी ऐकलेलं आठवलं. "वीणा ह्या गळ्यातून त्या गळ्यात जाते, तेव्हा तुम्ही काय करता?"

"देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या."

"तेवढ्यात सप्ताहात खंड पडतो?"

"छ्या! बाकीचं म्हणतच आसत्यात की."

"मग प्रोग्रामलाही दारात आल्यावर थांबू द्या. पाया पडू द्या, नाव सांगू द्या. बाकीचे म्हणत असतातच."

शंभूराज मोठ्यानं हसला. "मॅडम, तुमी कीर्तन कवा लावताय?"

त्यानं पेटी नीट करायला घेतली. चंदना फोनवरून एकेक गोष्ट विचारत राहिली, तो "ओके" म्हणत राहिला. सगळं झाल्यावर तिनं त्याचा पत्ता, त्याचं एकच दार आणि ओळखीची खूण इकडून तपासून बघितली. मग ती धन्यकुमारसाहेबांच्या खोलीत गेली.

साहेब बोलायला काटकसरी. आधी सगळं ऐकून घेतलं.

"पहिल्याच दिवशी सवलत?"

"आजींच्या एका मोबाइलला. एका पत्त्यासाठी, एकाच दारातून, पहारा संपेपर्यंत. बाकीच्यांना बंदच. आणि ह्या एकाच्या वाटेनंही दुसरं काही आलं, तर मॉड्यूल तोडणारच. ते मी ढिलं केलेलं नाही."

"आणि तू?"

"मी पडद्यासमोरून हलणार नाही."

"तोडावं लागलं तर? भर नामात?"

"तोडीन."

"म्हाताऱ्याला सांगितलंस हे?"

"तेच मला सांगून बसलेत, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "मग बस पहाऱ्याला. चहा मी पाठवतो."

वॉर्डात ही बातमी पोचली तेव्हा मनूबाई सुनेला फोन करायला वऱ्हांड्याकडं अशी पळाली, की नर्स म्हणाली, आजी, आता तुमचं हाड मोडेल. नर्सनंच सलाइनच्या स्टँडला बँडेजनं मोबाइल बांधून दिला. दुसऱ्या कुणाच्या मोबाइलला परवानगी नव्हती, म्हणून ज्यांना चालता येत होतं ते कुबड्या टेकत शेवटच्या खाटेशी आले. ज्यांना येत नव्हतं ते म्हणाले, आवाज मोठा ठेवा.

चार वाजता देऊळ दिसलं.

आधीच्या पहाऱ्याचा म्हातारा वीणा घेऊन उभा होता. संयोगिता समोर आली. हिरवं काठाचं पातळ, डोक्यावर पदर. दोघं एकमेकांच्या पाया पडले आणि वीणा तिच्या गळ्यात आली. तिनं टीव्हीकडं बघितलं. तिथं तिला सासरा दिसत असणार, कारण तिच्या हनुवटीची थरथर जराशी थांबली.

"राम कृष्ण हरी," लालासाहेबानं सुरुवात केली.

"राम कृष्ण हरी," ती म्हणाली. पुटपुटलीच.

"मोट्यानं म्हण गं, बाई," मनूबाई मधे पडली. "इळभर बांदावरनं वराडतीस ती कोण?"

देवळात हशा पिकला, वॉर्डातही पिकला. संयोगिताही हसली आणि त्या हसण्यातच तिचा आवाज सुटला. मग तो म्हणायचा, ती मागून म्हणायची. तिची नजर टीव्हीवरून हलत नव्हती. पाण्यात पहिल्यांदा उतरलेलं पोर काठाकडं बघत राहतं, तशी ती त्याच्याकडं बघत होती.

वर चंदनाला ह्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. तिच्यापुढं फक्त एक हिरवी रेघ सरकत होती. एक पत्ता, एक दार, येणं-जाणं सारखं. मधेच दुसऱ्या कुठून तरी कुणी फायरवॉलला धडकायचं, मॉड्यूल त्याला परस्पर वाटेला लावायचा. असले उपटसुंभ दिवसभर येतच असतात. ती पुन्हा त्या एका रेघेकडं बघायची. चहा आला आणि तसाच निवला.

पहारा अर्धाअधिक सरला असेल. रेघ एकाएकी खाली पडली.

गावातली वीज गेली होती. पण हे चंदनाला कुठून कळणार? तिला एवढंच कळलं, की पलीकडचा आता परत येणार आणि कसा येणार त्यावर सगळं आहे. मगासारखा दारं ढकलत आला तर मॉड्यूल त्याला वाळीत टाकणार, आणि ती तो निर्णय फिरवणार नव्हती. "थांबून ये रे बाबा," ती पडद्याला म्हणाली. "नाव सांग."

खाली मोबाइलवर अंधार झाला. कुबड्यांवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मनूबाईनं तोंडावर हात घेतला. "आता ती थांबणार. आता वीणा देणार कुणाला तरी."

लालासाहेबानं डोळे मिटले आणि अंधारालाच म्हणाला, "राम कृष्ण हरी." पलीकडून कुणी उत्तर देईना, तेव्हा प्लास्टरवाल्या तरुणानं दिलं. मग शेजारच्या खाटेनं. मग दाराजवळच्या खाटेवरच्यानं, जो आल्यापासून कुणाशी एक शब्द बोललेला नव्हता.

गावात वीज परत आली, तशी वर हिशेबानं थांबून, दम घेऊन, एकच टकटक झाली. एकाच दारावर. मॉड्यूलनं ओळख विचारली, पलीकडच्यानं दिली. हिरवी रेघ उठून पुन्हा सरकू लागली. एवढी अदबशीर टकटक चंदनानं तिच्या नोकरीत कधी बघितली नव्हती. तिनं खुर्चीला पाठ टेकली, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण इतका वेळ पुढं वाकूनच बसलो होतो.

मोबाइलवर देऊळ परत दिसलं.

संयोगिता थांबलेली नव्हती. डोळे मिटून, वीणा छातीशी घेऊन, ती मंडपात संथ पावलं टाकत होती आणि नाम तिच्या गळ्यातून असं येत होतं, जणू पाटाचं पाणी सरीत शिरावं. सगळा मंडप तिच्या मागून म्हणत होता. समोर टीव्ही गेला काय आणि आला काय, तिला पत्ताच नव्हता.

लालासाहेबानं बराच वेळ बघितलं. त्याचे ओठ हलायचे थांबले होते.

"मनू," तो म्हणाला, "बंद कर त्यो."

"आवं, आजून पहारा ऱ्हायलाय!"

"तिचा ऱ्हायलाय. चालू दे तिला. डोळं उगडून माज्याकडं बघितलं तर परत माज्या मागनं म्हणाय लागंल. बंद कर."

वर रेघ संपली, वेळेच्या कितीतरी आधी. मॉड्यूलनं तोडलं? चंदनानं लॉगमधली नोंद बघितली. कुणी तोडलं नव्हतं, इकडूनच हलकेच बंद केलं होतं. तेवढी खात्री करून ती खाली आली. मोबाइल स्टँडवर काळा पडलेला होता आणि अख्खा वॉर्ड नाम म्हणत होता, बेसूर आणि मनापासून.

"आजोबा, का बंद केलं? अजून वेळ आहे. मी उघडं ठेवलंय."

"तू बी लाव आता दार," लालासाहेब म्हणाला. त्याचे डोळे ओले होते आणि चेहरा मात्र हसरा. "माणूस आत पोचलं की दार उगडं ठेवायचं न्हाई."

तिनं वर जाऊन ती सवलत काढून टाकली. मॉड्यूल पुन्हा सगळ्यांसाठी सारखा झाला. मग धन्यकुमारसाहेबांना सांगितलं की झालं. ते म्हणाले, "रक्तदाब?" नर्सनं नुकताच मोजला होता. उद्याचं ऑपरेशन उद्याच होणार होतं.

दिवेलागणीला मनूबाईचा फोन वऱ्हांड्यात वाजला. चंदना घरी निघालेली, ती तिथंच थबकली. संयोगिताचा आवाज इतका चढा होता की दोघींना ऐकू येत होता.

"आत्या, आबा मदीच कुटं गेलं? कबूल केलं हुतं न्हवं त्यांनी?"

"तुला कवा कळलं ते गेलं म्हणून?"

पलीकडचा आवाज एकदम लहान झाला.

"वीणा फुडच्या घराला दिल्यावर."

मनूबाईनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्यास्नी विचारू का? का गेलं म्हणून?"

"नगं," संयोगिता म्हणाली. "ते जेवलं का?"

"भात परत मागून घेतला. उद्या सकाळी न्हेत्यात त्यास्नी. तू आता पाय शेकून नीज जा, लय येळ हुबी व्हतीस."